शाळेत चित्रकला शिकवायला जाणारे, आपापले अनुभव सांगा

बँकेतून निवृत्त झाल्यापासून दर गुरुवारी महापालिकेच्या एका शाळेत पाचवीला चित्रकला शिकवायला जातो. मानधन नाही, चहा मिळतो. पहिल्या दिवशी 'काहीही काढा' म्हटलं, तर बेचाळीस वह्यांत तेच दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली नदी आणि झोपडी. ज्या वस्तीतून डोंगर दिसतही नाही, तिथली ही मुलं! पुढच्या गुरुवारी विषय दिला, 'सकाळी घराबाहेर पडल्यावर पहिलं काय दिसतं?' एकीने नळावरची हंड्यांची रांग काढली. एका निळ्या हंड्यावर राखाडी ठिपका होता. मला वाटलं, रंग सांडला. तर म्हणाली, "सर, हा आमचा. एमसील लावलंय."

तुम्हीही कुठे जात असाल तर लिहा. फजितीही चालेल.

गेरू
फजितीच सांगते. डहाणूकडच्या एका शाळेत मी वारली चित्रं 'शिकवायला' गेले. मी मुंबईची. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून जोडले की झाला माणूस, असं फळ्यावर दाखवलं. मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "बाई, आधी चौक. आजी आधी चौक काढते, त्यात पालघट. माणसं मग."

लग्नघरी सवाशिणी गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात, त्यात पालघट देवी असते, हे मी वाचलं होतं. शिकवताना मात्र आठवलं नाही. गंजाडचे वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांना 2011 साली पद्मश्री मिळाली, ही माहिती मात्र मी मोठ्या ऐटीत सांगितली होती! पुढच्या वेळी त्या आजींनाच वर्गात बोलावलं. त्यांनी बांबूची काडी दाताने चावून तिचा कुंचला केला. मी आणलेले बारा नंबरी ब्रश पिशवीतच राहिले. तास आजींनी घेतला, मी पिठाची वाटी धरून उभी.

रंगारी
पोस्टर कलर आणि पांढरा गणवेश. एवढंच लिहितो. दुसऱ्या दिवशी सात आया दारात. आता मुलांना घरातले जुने शर्ट उलटे घालून बसवतो, बटणं पाठीवर.

सातासमुद्रापार
कॅलिफोर्नियात पालक म्हणून मुलाच्या वर्गात जाते. इथे 1978 साली प्रपोझिशन 13 या मतदारांनी मंजूर केलेल्या कायद्यामुळे मालमत्ताकरावर मर्यादा आली, शाळांचे पैसे आटले आणि कात्री आधी कलेवर चालली. तेव्हापासून बऱ्याच शाळांत चित्रकला आई-बाबांच्या जिवावर चालते. वर्गात पाय ठेवण्याआधी माझ्या बोटांचे ठसे घेतले, क्षयाची तपासणी केली. नियम एकच: मुलाच्या कागदाला आपली पेन्सिल लावायची नाही. आमचे ड्रॉइंगचे सर तर वही ओढून घेऊन नाक स्वतःच काढत. घरी ते 'माझं' म्हणून दाखवायचो.

दिवाळीला ठिपक्यांची रांगोळी घेतली, सात ते सात. एकाने मधले सगळे ठिपके सोडून फक्त कडेचे जोडले. माझा हात नुसता शिवशिवत होता. "हे काय रे?" विचारलं, तर म्हणाला, "कुंपण. आत गर्दी आहे."

खोडरबर
आमच्याकडे उलटं. मुख्याध्यापकांना फक्त एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या सरकारी चित्रकला परीक्षांचा निकाल हवा, कारण दहावीला वाढीव गुण. स्मरणचित्रासाठी मुलं तीनच चित्रं पाठ करतात: बाजार, बसथांबा, पाऊस. विषय कुठलाही येवो, यांतलंच काहीतरी बसवायचं. सरावाला मी 'क्रिकेटचा सामना' दिला, तर एकाच्या चित्रात फलंदाज छत्री घेऊन उभा. काका, तुमचे दोन डोंगर परवडले. मी दोन सत्रं काढली आणि सोडलं. चूक केली असेल, पण त्या तासाला मीही पाठांतरच घेत होतो.

(धागाकर्ता)
रंगारी, तुमची शर्टाची युक्ती या गुरुवारी करून पाहिली. बेचाळीसपैकी एकोणतीस शर्ट आले. एमसीलवालीने आईचा गाऊन आणला होता, पायांत येत होता म्हणून कमरेला सुतळी बांधली. उरलेल्या तेरांना रद्दी पेपर. आणि एक सांगा, तेलकट खडूचा डाग बाकावरून कशाने निघतो? शिपाईमामा माझी वाट बघतायत.