बॉम्बे हायचं तेल सुरुवातीला आपोआप वर कसं आलं?

खारावारा: 1974 ला सागर सम्राट या समुद्रात विहिरी खणणाऱ्या रिगने मुंबईजवळच्या अरबी समुद्रात बॉम्बे हायचं तेल शोधलं, 1976 ला उत्पादनही सुरू. पण एवढ्या खोलवरचं तेल स्वतःहून वर येतंच कसं? जोर कोण लावतं?

भूगर्भप्रेमी: तेल खाली तळ्यासारखं साठलेलं नसतं, चुनखडीच्या बारीक छिद्रांत प्रचंड दाबाखाली अडकलेलं असतं आणि त्यात गॅस विरघळलेला असतो, विहीर खणली की तिथला दाब उतरतो, गॅसचे बुडबुडे सुटून फुगतात आणि तेलाला विहिरीकडे ढकलतात, सोड्याची बाटली उघडल्यावर होतं तसंच. बॉम्बे हायला तेलाच्या वर गॅसची टोपी पण आहे, ती पसरत खाली दाबते. म्हणून तो गॅस उगाच काढून टाकायचा नाही, तीच तर फुकटची ताकद!!

रिगवाला_दादा: बरोबर, पण नुसत्या विरघळलेल्या गॅसवर साधारण 5 ते 30 टक्केच तेल निघतं, दाब संपला की बाकीचं खडकातच राहतं. खालून पाण्याचा जोर असेल तर मजा वेगळी. टेक्सासचं ईस्ट टेक्सास फील्ड बघा, 1930 ला सापडलं, वुडबाइन वाळूखडकातलं पाणी तेल गेलेली जागा भरत राहिलं, दाब टिकला. आपल्याकडे तसं जोरदार पाणी नाही, म्हणून 1984 पासून समुद्राचं पाणी शुद्ध करून आत सोडायला लागले.

खारावारा: म्हणजे दाब सांभाळणं हेच खरं काम! आता कळलं, दोघांचे आभार 🙏