कोळंबीच्या तळ्यातली प्रतिजैविकं: बंद करायची कोणी?

खाडीकाठ: कोळंबी मरायला लागली की पहिला फोन औषधाच्या दुकानदाराला जातो. ही सवय मोडलीच पाहिजे. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग विषाणूचा, त्यावर प्रतिजैविक काडीचं चालत नाही. तरी खाद्याला चोळून पावडर टाकतात. न खाल्लेलं खाद्य आणि विष्ठा तळाच्या काळ्या गाळात बसते. तिथल्या व्हिब्रिओ जिवाणूंपैकी औषधाला दाद न देणारे तेवढे उरतात, आणि तीच जनुकं शेजारच्या जिवाणूंनाही देतात. काढणी झाली की ते पाणी खाडीत.

तळेवाला: सगळा दोष आमच्यावर? पटत नाही. 2016 साली युरोपने आपल्या तळ्यातल्या कोळंबीची तपासणी 10 वरून 50 टक्के खेपांवर नेली, तेव्हापासून आम्ही धास्तावलेलेच आहोत. नमुन्यात क्लोरॅम्फेनिकॉल किंवा नायट्रोफ्युरान यांपैकी एखादं प्रतिजैविक निघालं की हंगाम बुडाला. हॅचरीतून, म्हणजे पिल्लं तयार करणाऱ्या केंद्रातून, कोळंबीचं बीज येतं, तिथे टाकीत काय घातलं ते पिशवीवर लिहिलेलं नसतं. आणि भरतीला मी ज्या खाडीचं पाणी घेतो, तिच्यातच शहराचं आणि दवाखान्यांचं सांडपाणी येतं. त्याचं काय?

खाडीकाठ: सांडपाण्याचं मान्य. पण तपासणीत औषधाचा अंश शोधतात, जिवाणू नाही. औषध थांबवल्यावर अंश हळूहळू मांसातून निघून जातो आणि माल पास होतो. गाळातला जिवाणू कुठे जातो?

प्रयोगशाळेतून: मी नमुने तपासते, म्हणून लिहिते. ताटलीत जिवाणू पसरून वर औषधाची चकती ठेवतो. औषध लागू पडत असेल तर चकतीभोवती स्वच्छ मोकळं वर्तुळ दिसतं. एका तळ्याच्या नमुन्यात जिवाणूंचा थर अगदी चकतीच्या कडेपर्यंत आला होता. तळेवाल्याने त्याच औषधाचे दोन डोस आधीच दिले होते. पैसेही गेले, कोळंबीही. तळेवाले दादा, हे तुमच्याच नुकसानीचं आहे.

तळेवाला: ताई, ही चकतीची चाचणी माझ्या तालुक्यात होत नाही. नमुना बर्फात घालून पाठवायचा, उत्तर यायला दिवस जातात, तोवर चेक ट्रेमध्ये (खाद्य बघायला तळ्यात सोडलेल्या ताटात) मेलेली कोळंबी दुप्पट होते. मार्च 2025 मध्ये केंद्राने खाण्यासाठी पाळलेल्या प्राण्यांकरता क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान ही दोन्ही औषधं बंद केली, चांगलंच झालं. पण रात्री दोन वाजता एरेटरपाशी (पाण्यात हवा घालणाऱ्या यंत्रापाशी) उभा राहून मी फोन लावतो, तेव्हा तो फक्त दुकानदारच उचलतो.