आईचं विसरणं आणि रक्ताची नवी तपासणी: करावी का? (पुणे)

कर्वे_पुतळा_स्टॉप:

नमस्कार मंडळी. धागा थोडा लांब होणार आहे, सांभाळून घ्या.

आई ७४ वर्षांची. कोथरूडला आमच्याकडेच असते. बारा वर्षं डायबेटिस, मेटफॉर्मिन चालू, बीपीची एक गोळी, आणि दीड वर्षापासून लघवीची घाई होते म्हणून आणखी एक. पूर्ण शाकाहारी, केकमध्ये अंडं असलं तरी चालत नाही.

गेल्या दिवाळीपासून विसरायला लागली आहे. चावी कुठे ठेवली, समोरच्याचं नाव काय, हे सगळ्यांचंच होतं, त्याबद्दल नाही म्हणत. दुधाचा हिशेब ती चाळीस वर्षं कॅलेंडरवर लिहिते. मागच्या महिन्यात पाहिलं तर एकाच तारखेच्या चौकटीत ‘दीड लि.’ तीनदा, तिन्ही वेळा नीट वळणदार अक्षरात. आमटीत मीठ दोनदा पडतं नाहीतर पडतच नाही. आणि मंगळवारी तुळशीबागेतल्या रामाला जाऊन येते म्हणून निघाली ती उतरली स्वारगेटला. तिथून रिक्षा केली आणि पत्ता सांगितला शनिवारातल्या वाड्याचा, जिथे ती लग्नाआधी राहायची. तो वाडा पाडून पंधरा वर्षं झाली. रिक्षावाला भला माणूस, त्याने तिच्याच फोनवरून मला फोन लावला.

फॅमिली डॉक्टर म्हणतात वयाने होतं. दादा न्यू जर्सीला असतो, तो रोज लिंका पाठवतो: अल्झायमर आता रक्तावरून कळतो, इंजेक्शन निघालंय, तुम्ही लोक वेळ घालवताय. त्यात सोसायटीच्या ग्रुपवर एका लॅबची जाहिरात आली, ‘स्मरणशक्ती पॅकेज’, पी-टाऊ२१७ सकट, घरी येऊन रक्त घेणार. रक्कम पाच आकडी. पैसे दादा देतोय, प्रश्न तो नाही. ही तपासणी खरंच कामाची आहे का, आणि कोणी घरच्यांची केली आहे का? पुढे त्या इंजेक्शनचं काय?

बाणेरटेकडी:

करून टाका. रक्तच तर द्यायचंय, बिघडतं काय?

सूक्ष्मदर्शक:

बिघडतं ना, बाणेरटेकडी. (मी डॉक्टर नाही. तपासण्या खऱ्या किती नि खोट्या किती हे बघणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग.)

आधी तपासणीची बाजू घेतो, कारण ती थोतांड अजिबात नाही. अल्झायमरमध्ये मेंदूत दोन प्रथिनं घोळ घालतात. पेशींच्या बाहेर अमायलॉइडची पुटं चढतात, आणि पेशींच्या आत टाऊचा गुंता होतो. टाऊ एरवी गुणाचं प्रथिन आहे, पेशीच्या आत मालवाहतुकीचे जे रूळ असतात ते धरून ठेवणारं. अमायलॉइड साचायला लागलं की टाऊच्या साखळीत ठरावीक जागी फॉस्फेट चिकटण्याचं प्रमाण वाढतं. त्यातली एक जागा २१७ वी. असं टाऊ अगदी कणभर रक्तात उतरतं आणि आताची यंत्रं ते कणभर मोजू शकतात. पूर्वी हेच बघायला पाठीतून पाणी काढावं लागे, नाहीतर महागडा पेट स्कॅन.

अमेरिकेच्या एफडीएने (औषधं, तपासण्या मंजूर करणारं तिथलं सरकारी खातं) मे २०२५ मध्ये अशी पहिली रक्ततपासणी मान्य केली. त्यात पी-टाऊ२१७ आणि अमायलॉइड ४२ यांचं गुणोत्तर बघतात. ४९९ जणांवर पडताळली. पॉझिटिव्ह आलेल्यांपैकी ९१.७ टक्के लोकांच्या मेंदूत खरंच अमायलॉइड होतं, निगेटिव्हपैकी ९७.३ टक्क्यांच्या नव्हतं. वीस टक्क्यांहून कमी लोक अधांतरी राहिले, धड इकडे नाही, धड तिकडे नाही. स्वीडनमध्ये १२१३ जणांवर झालेला याच जातीच्या तपासणीचा अभ्यास २०२४ मध्ये आला. तिथे नेहमीच्या पद्धतीने निदान करणारे फॅमिली डॉक्टर ६१ टक्के वेळा बरोबर होते, स्मृतिभ्रंशाचे तज्ज्ञ ७३ टक्के, आणि रक्त ९० टक्क्यांच्या आसपास. तेव्हा ‘वयाने होतं’ यावर थांबू नका, हे दादांचं बरोबर आहे.

आता मेख. ती मंजुरी ५५ च्या पुढच्या, लक्षणं असलेल्या आणि तज्ज्ञाकडे आलेल्या पेशंटसाठी आहे, ग्रुपवरची जाहिरात बघून रक्त देणाऱ्यांसाठी नाही. पॉझिटिव्हचा अर्थ एवढाच की मेंदूत अमायलॉइड असावं. आईंचं विसरणं त्यानेच होतंय, असं ती म्हणत नाही. सत्तरीच्या पुढे अमायलॉइड साचलेलं आहे आणि माणूस शब्दकोडं पेनाने सोडवतोय, असे लोक भरपूर सापडतात. शिवाय किडनी अधू असली की हा आकडा उगाच चढतो. बारा वर्षांच्या डायबेटिसमध्ये क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) न बघता तो वाचूच नये.

पण तुमच्या पोस्टमधला दुसराच भाग मला टोचला. शाकाहार, वर मेटफॉर्मिन, वर पुणं. बी१२ केलंय का? मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतलं की बी१२ कमी शोषलं जातं. आणि आपल्याकडे मुळात खड्डा आहे. रास्ता पेठेतल्या केईएममधल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांच्या गटाने ४४१ मध्यमवयीन पुरुषांचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध केला, त्यात ६७ टक्के लोकांचं बी१२ कमी निघालं. झोपडपट्टी, खेडी, शहर सगळीकडचे लोक होते त्यात. बी१२ कमी पडलं की नसांचं आवरण बिघडतं, पायाला मुंग्या येतात, आणि विसरणंसुद्धा होतं. दादांच्या लिंकांमध्ये हे सापडणार नाही, कारण लिहिणारे पुण्यातलं ताट समोर ठेवून लिहीत नाहीत.

बी१२, थायरॉइड, सोडियम, क्रिएटिनिन. मग न्यूरोलॉजिस्ट आणि एमआरआय. मधे कधी पडल्या होत्या का, तेही विचारा. डोक्याला मार लागून हळूहळू रक्त साचतं आणि महिन्याने माणूस घोटाळायला लागतो, असं होतं.

कर्वे_पुतळा_स्टॉप:

बी१२? कोणी केलंच नाही हो. शुगर दर तीन महिन्यांनी होते, बाकी काही नाही. पायाला मुंग्या येतात म्हणते ती, आम्ही डायबेटिसच्या खात्यात टाकलं होतं.

केमिस्टकाका:

ताई, ती लघवीच्या घाईची गोळी कुठली? पट्टी बघून नाव सांगा.

कर्वे_पुतळा_स्टॉप:

ऑक्सिब्युटिनिन. दिवसातून दोनदा.

केमिस्टकाका:

वाटलंच. औषधाच्या दुकानात २६ वर्षं काढली, म्हणून सांगतो. ही गोळी अॅसिटिलकोलिन अडवते. त्याने मूत्राशय शांत होतं, पण तेच अॅसिटिलकोलिन मेंदूला आठवण ठेवायला लागतं. म्हाताऱ्या माणसांत ही जात डोक्यात धुकं आणते. गंमत बघा, अल्झायमरला जी जुनी गोळी देतात, डोनेपेझिल, ती अॅसिटिलकोलिन टिकवायला देतात. माझ्याकडे एकाच चिठ्ठीवाटे नाही, पण एकाच घरात, एकाच आजींसाठी दोन डॉक्टरांच्या दोन्ही गोळ्या नेलेल्या मी पाहिल्यात. एक नळ उघडतोय, दुसरा बंद करतोय. सर्दीच्या गोळ्या, झोपेच्या गोळ्या, यांतही ही भानगड असते.

स्वतः बंद करू नका. ज्यांनी लिहिली त्यांना विचारा की विसरायला लागल्यात, ही बदलता येईल का. येते बहुतेक वेळा. सगळ्या पट्ट्या एका पिशवीत घालून न्या. यादी करू नका, पिशवीच न्या. यादीत माणसं निम्म्या गोळ्या विसरतात, आणि इथे तर विषयच तो आहे.

शनिवारवाला:

अवांतर: शनिवारातला कुठला वाडा हो? आमचाही पडला. परवा मीसुद्धा रिक्षावाल्याला जुन्या टॉकीजची खूण सांगितली, त्याचा जन्म नसेल तेव्हाचा.

संगमवाडी:

लिथियम बघा. हार्वर्डने सिद्ध केलंय, अल्झायमर लिथियमच्या कमतरतेने होतो. ऑनलाइन मिळतं, लिथियम ओरोटेट. मी मागवलंय.

सूक्ष्मदर्शक:

संगमवाडी, कृपा करा. तो ऑगस्ट २०२५ मधला ‘नेचर’चा लेख, ब्रूस यांकनर यांच्या प्रयोगशाळेचा. वाचण्यासारखा आहे. अमायलॉइडची पुटं मेंदूतलं लिथियम ओढून धरतात, त्यामुळे बाकीच्या मेंदूला ते कमी पडतं, असं त्यांना दिसलं. ओरोटेटने सुधारले ते उंदीर. माणसांच्या मेंदूंची तपासणी आहे त्यात, माणसांवरचा उपचार नाही. लिथियम मनोविकारांत देतात तेव्हा रक्तातली पातळी, थायरॉइड, किडनी सगळं मोजत बसतात. तुमच्या पार्सलबरोबर हे मोजणारं कोणी येणार आहे का?

कावेरी_एस:

इंजेक्शनचा अनुभव लिहिते, कारण तो धागाकर्तीने विचारलाय आणि कोणी तिकडे वळत नाहीये.

माझे सासरे बॉस्टनजवळ असतात, दिराकडे. ७१ वर्षांचे. लेकानेमॅब चालू होतं. दर दोन आठवड्यांनी शिरेतून. हे औषध म्हणजे अमायलॉइडला चिकटणारी अँटीबॉडी, चिकटली की शरीर ते साफ करतं. पुटं खरोखर जातात, स्कॅनवर दिसतं. आधीच्या एका औषधाने, अॅड्युकानुमॅबने, हीच आशा दाखवली होती. २०२१ ला मंजूर झालं आणि २०२४ च्या सुरुवातीला कंपनीनेच बंद करत असल्याचं जाहीर केलं. त्यामानाने याचा पुरावा बरा आहे. १७९५ लोक, १८ महिने. खरं औषध मिळालेल्यांची घसरण २७ टक्क्यांनी कमी. हा २७ चा आकडा दिराने सगळ्यांना पाठवला होता. मग मी मूळ आकडा शोधला: १८ गुणांच्या मापावर ०.४५ चा फरक. दोन्ही आकडे एकाच गोष्टीचे आहेत आणि दोन्ही खरे आहेत.

दुसरी बाजू. त्या अभ्यासात औषध घेणाऱ्या १२.६ टक्के लोकांच्या मेंदूला सूज दिसली. बहुतेकांना ती कळतही नाही, म्हणून सुरुवातीच्या महिन्यांत पुन्हा पुन्हा एमआरआय करतात. सासऱ्यांच्या एका एमआरआयमध्ये ती दिसली, औषध थांबवलं, पुन्हा सुरू केलं. एपीओई४ हे जनुक दोन्हीकडून आलं असेल तर धोका बराच वाढतो, रक्त पातळ करायचं औषध चालू असेल तर डॉक्टर जास्तच सावध असतात. अमेरिकेतली छापील किंमत वर्षाला २६,५०० डॉलर. याच जातीचं दुसरं औषध, डोनानेमॅब, महिन्यातून एकदा असतं आणि पुटं गेली की थांबवता येतं, बाकी कथा तीच.

आणि हे फक्त सुरुवातीच्या टप्प्यातल्यांना देतात.

फरक पडला का, म्हणून सगळे विचारतात. सासरे सुधारले नाहीत. हळू घसरत असतील, पण न घेतलं असतं तर किती घसरले असते हे घरात बसून कोणाला दिसणार? सासूबाई म्हणतात, दर पंधरा दिवसांनी दोघं गाडीतून जातात, येताना इडली खातात, तेवढं बरं असतं.

कर्वे_पुतळा_स्टॉप:

कावेरी, थँक्यू. हे दादाला जसंच्या तसं पाठवलं. त्याचं उत्तर आलं, ‘हं.’

(तीन आठवड्यांनी)

कर्वे_पुतळा_स्टॉप:

अपडेट देते.

बी१२ आलं ११८. लॅबच्या कागदावर खालची मर्यादा २०० होती. इंजेक्शनं सुरू झाली. थायरॉइड ठीक, क्रिएटिनिन थोडं वर. ऑक्सिब्युटिनिन बदलून दुसऱ्या जातीची गोळी दिली. केमिस्टकाका, पिशवी नेली होती. न्यूरोलॉजिस्टनी ती टेबलावर पालथी केली, त्यातून सर्दीच्या गोळ्यांची एक अर्धी पट्टीही निघाली. आई म्हणाली, झोप छान लागते म्हणून घेते.

मग त्यांनी तिला कागदावर घड्याळ काढायला सांगितलं, अकरा वाजून दहा मिनिटं. आईने सुरेख गोल काढला, आकडे सगळे जागच्या जागी. एक काटा अकरावर लावला. दुसरा लावला दहावर. मग बराच वेळ बघत राहिली, म्हणाली, ‘चुकलंय, पण कुठे ते कळत नाहीये.’ डॉक्टर काही बोलले नाहीत, कागद फाइलला लावला.

एमआरआयमध्ये रक्त साचलेलं वगैरे नाही. थोडं आकुंचन आहे. पी-टाऊबद्दल मीच विचारलं. म्हणाले, तीन महिने बी१२ जाऊ दे, धुकं उतरू दे, मग घड्याळ पुन्हा काढून बघू. तरी असंच राहिलं तर ती तपासणी मी स्वतः सांगेन, आणि क्रिएटिनिन बघून वाचेन. इंजेक्शनचा विषय त्यानंतर. दादाला हे पटलं नाही, तीन महिने वाया जातील म्हणतो. त्याचंही अगदी चूक वाटत नाही मला. पण तिच्याबरोबर मी असते.

फरक? दुधाची चौकट गेले दहा दिवस एकेकदाच आहे. मीठ अजून बेभरवशाचं.

सूक्ष्मदर्शक:

११८ म्हणजे फारच कमी. बरं झालं सापडलं. आता पुन्हा मोजाल तेव्हा आकडा चढलेला दिसेल, म्हणून इंजेक्शनं आपणहून थांबवू नका. मेटफॉर्मिन चालूच आहे ना.

बाणेरटेकडी:

मी ‘करून टाका’ म्हटलं होतं ते मागे घेतो. आईचं नि माझं दोघांचंही बी१२ द्यायला उद्या जातोय.

कावेरी_एस:

कान तपासले का?

कर्वे_पुतळा_स्टॉप:

हो, ते राहिलंच सांगायचं. डाव्या कानाने बरंच कमी ऐकू येतं. डॉक्टर म्हणाले, जे ऐकूच आलं नाही ते आठवणार कुठून, आणि यंत्र लावाच.

कावेरी_एस:

लावाच. २०२३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ९७७ ज्येष्ठांवरचा अभ्यास आला होता. सरसकट सगळ्यांत फरक नाही दिसला, पण ज्यांना आधीपासून धोका जास्त होता त्यांच्यात यंत्र लावल्यावर तीन वर्षांत घसरण ४८ टक्क्यांनी कमी. त्या गटात डायबेटिसवाले जास्त होते. २७ वाल्या आकड्याइतकी याची चर्चा कुठेच नाही.

कर्वे_पुतळा_स्टॉप:

यंत्राच्या दुकानात गेलो होतो काल. कानामागचं दाखवलं, कानातलं दाखवलं, आईने दोन्ही काढून पर्समध्ये ठेवली. कुठलं घ्यावं ते कोणी सांगेल का? की वेगळा धागा काढू?

केमिस्टकाका:

वेगळा काढा. पण चार्जिंगचंच घ्या. त्या मुगाएवढ्या बॅटऱ्या दर आठवड्याला बदलणं त्यांना जमायचं नाही, तुम्हालाही नाही.