मदत हवी आहे: एसडीएन (सॉफ्टवेअरने नियंत्रित) स्विचवर ५जीच्या दोन स्लाइस (एकाच नेटवर्कचे आभासी भाग) वेगळ्या कशा ओळखायच्या?

नमस्कार मंडळी, आठवडाभर एकाच ठिकाणी अडकलोय. प्रकल्पासाठी ५जी कोअर (नेटवर्कचा मध्यवर्ती भाग) व्हर्च्युअल मशीनवर उभा केलाय. दोन स्लाइस आहेत: एसएसटी (स्लाइसचा प्रकार) १ साध्या डेटासाठी आणि एसएसटी २ कमी विलंबासाठी. रेडिओ सिम्युलेटर आणि यूपीएफ (कोअरचा वापरकर्त्यांचा डेटा पुढे पाठवणारा भाग) यांच्यामध्ये ओपनफ्लोवर (स्विचला नियम देणारा प्रोटोकॉल) चालणारा स्विच आहे. नोंदणी, सेशन, सगळं नीट होतं.

अडचण पुढे आहे. पहिल्या स्लाइसवर मोठी फाइल उतरवायला लावली की दुसरीवरचा पिंग ४ मिलिसेकंदांवरून थेट ८०-९० वर जातो. पॅकेट उघडून पाहिली तेव्हा कारण कळलं. दोन्ही स्लाइसचा डेटा जीटीपी बोगद्यातून, म्हणजे दुसऱ्या पॅकेटात गुंडाळून, जातो, त्यामुळे स्विचला फक्त बाहेरचं हेडर दिसतं: तोच आयपी, तोच यूडीपी पोर्ट २१५२. फरक आतल्या टीईआयडीत (बोगद्याचा ओळख क्रमांक) आहे, आणि माझा ओपनफ्लो नियम तिथपर्यंत पोचत नाही. शिवाय टीईआयडी दर सेशनला बदलतो, म्हणजे हाताने नियम लिहूनही उपयोग नाही. साहजिकच सगळं एकाच रांगेत!

मला दोन वाटा दिसतात. प्रत्येक स्लाइसला स्वतंत्र यूपीएफ आणि स्वतंत्र आयपी द्यायचा, किंवा बाहेरच्या हेडरवर डीएससीपीची (पॅकेटचा प्राधान्यक्रम सांगणारी) खूण करून रांगा वेगळ्या करायच्या. पहिली स्वच्छ वाटते, पण मशीनची मेमरी पुरेल का याची धास्ती आहे. दुसरीत खूण दोन्ही दिशांना लावावी लागेल. रेडिओच्या बाजूने ती कशी लावता?

कुणी पी४ (स्विचने पॅकेट कसं वाचायचं ते ठरवणारी प्रोग्रॅमिंग भाषा) वापरून टीईआयडी वाचलाय का? अनुभव असेल तर कृपया सविस्तर लिहा.