लाकडी जमिनीवर जिन्याच्या कठड्याचा खांब पक्का कसा बसवायचा?

अर्धा_जिना
जिना वरच्या मजल्यावर जिथे संपतो तिथे कठड्याचा मुख्य खांब आहे. सागवानी, 90 मिमी चौरस. जमीन फळ्यांची, फळ्यांखाली कड्या, म्हणजे फळ्या पेलणारी आडवी लाकडं. हा खांब डुलतो. रेलिंग धरून जरा रेटलं की माथा बोटभर सरकतो आणि बुडाशी करकर वाजतं. ज्याने बसवला त्याने खांब जमिनीच्या पातळीला सरळ कापून चारी बाजूंनी लोखंडी एल-पट्ट्या मारल्यात. स्क्रू आवळले की थोडे दिवस बरं असतं, मग पुन्हा तेच. आता तर एक स्क्रू नुसताच गरगर फिरतो. मोठ्या पट्ट्या आणि लांब स्क्रू घालू, की खांब काढून वेगळं काही करू? घरातलं पोर रेलिंगला लोंबकळतं, म्हणून चालढकल करायची नाहीये.

पटाशी
पट्ट्या विसरा. कितीही जाड आणा, दुखणं पट्टीत नाहीच.

साधा हिशेब करू. माणूस ठेचकाळून रेलिंगवर पडला तर 50 किलोचा आडवा जोर सहज येतो, आणि तो येतो जमिनीपासून मीटरभर वर. बुडाशी त्याला अडवायला खांबाची रुंदी तेवढी. त्यातले फार तर 70 मिमी कामाचे धरा. म्हणजे एका बाजूचे स्क्रू उपटायला 50 गुणिले 1000 भागिले 70, सातशे किलोंच्या वर जोर लागतो. झेलायला कोण, तर वीसेक मिमीच्या फळीत घुसलेले दोन-तीन स्क्रू! खांबाच्या बुडातून उभा स्क्रू मारला असेल तर तोही तसाच कुचकामी. लाकडाच्या टोकाकडून, रेषांच्या दिशेने घातलेला स्क्रू कधीच नीट धरत नाही. आडव्या रेषांत तोच स्क्रू कितीतरी जास्त पकडतो.

तेव्हा खांब फळीला नव्हे, कडीला बांधायचा.

आधी हलतंय काय ते बघा. खांबाच्या बुडाभोवती पेन्सिलीने रेघ मारा. एकाने रेलिंग रेटायचं, दुसऱ्याने जमिनीला गाल लावून बघायचं. खांबाची एक कड रेघेवरून उचलली जाते, की फळीच खांबासकट वर येते, की खालची कडी कुशीवर वळते? तिन्हींवर उपाय वेगळे आहेत. कडीच वळत असेल तर खांबाला कितीही बोल्ट मारा, डुलायचं थांबणार नाही. शेजारच्या दोन कड्यांमध्ये, कडीच्या पूर्ण उंचीचे आडवे ठोकळे घट्ट बसवावे लागतील.

नवा खांब करायची तयारी असेल तर उत्तम. खांबाचा बुंधा जमिनीखाली कडीच्या पूर्ण उंचीइतका उतरू द्यायचा. कडी 175 मिमीची तर बुंधाही तेवढा. बुंध्याला कडीच्या बाजूने खाच पाडायची, जाडीच्या अर्ध्यापेक्षा कमी, म्हणजे खांब कडीला पाठ लावून बसतो. खाच खांबाला पाडा, कडीला हात लावू नका. पेलणारं लाकूड कमी करून आधार वाढत नाही. मग चार सुती, म्हणजे 12 मिमीचे दोन बोल्ट आरपार, दोन्हीकडे मोठे वायसर. बोल्ट एकाच पातळीत नकोत. एक वर, एक खाली, मधलं अंतर जमेल तेवढं जास्त, पण कडीच्या कडेपासून 50 मिमी आत. उरलेल्या बाजूंनी ठोकळे मारून बुंधा चौकटीत अडकवा. आता जोर येतो तेव्हा स्क्रू उपटत नाही, लाकूड लाकडावर दाबलं जातं. लाकूड दाबाला खंबीर असतं.

खाच करवतीने कापल्यावर आतला कोपरा पटाशीने साफ करा. कोपऱ्यात चिमूटभर भुसा राहिला तरी खांब कडीला टेकत नाही आणि बोल्ट आवळताना ओळंब्यातून जातो, म्हणजे तिरका होतो. मी तर आवळता आवळता दोन्ही बाजूंनी लेव्हल लावून बघत असतो. शेवटच्या अर्ध्या फेऱ्यातच खांब मान वाकडी करतो.

घरचाच_मिस्त्री
एवढा खटाटोप कशाला? माझ्याकडे खांबाच्या बुडाला इपॉक्सी गोंद थापून वर झाकणपट्टी मारली आहे. चांगला धरलाय.

पटाशी
तुमचा खांब दोन्हीकडून रेलिंगने भिंतीला बांधलेला असणार. मग बुडाला फारसं काम उरत नाही. विचारणाऱ्यांचा खांब टोकाला उभा आहे. शिवाय इपॉक्सी फळीला चिकटेल, पण फळीच उचलली जात असेल तर? वर पॉलिश किंवा मेण असेल तर गोंद पॉलिशला चिकटतो, लाकडाला नाही.

ओळंबा
पटाशीकाकांशी सहमत. एक भर घालतो. अमेरिकेतल्या घरबांधणीच्या नियमावलीत कठड्याच्या माथ्यावर 200 पौंडांचा, म्हणजे 90 किलोंच्या आसपासचा जोर धरतात. वरचा 50 किलोंचा हिशेब त्यामानाने सौम्यच.

आणि फळी उघडल्याशिवाय ड्रिल खाली घालू नका. कड्यांच्या मधून वायर आणि पाण्याचे पाइप गेलेले असतात.

अर्धा_जिना
धन्यवाद काका. रेघ मारून बघितली. खांबाची कड उचलली जाते आणि फळीही थोडी दबते. दोन फळ्या काढल्या. आत वायर नाही, पाइप नाही, पण कडी खांबाखाली नाहीच! सगळ्यात जवळची कडी खांबाच्या कडेपासून 120 मिमी लांब, पलीकडची 200 मिमीवर. खांब नवा करायची इच्छा नाही. नक्षी आहे, तसा परत मिळणार नाही. कापलेल्या बुंध्याचं काय करू?

पटाशी
म्हणजे तो खांब इतके दिवस नुसत्या फळीवर उभा होता. डुलेल नाहीतर काय करेल.

नक्षीचा खांब ठेवा. आधी खाली बैठक तयार करा. दोन कड्यांच्या मध्ये, बरोबर खांबाखाली, 50 मिमी जाडीचे दोन ठोकळे एकमेकांना खेटून आडवे बसवा, उंचीने कडीइतके. टोकांना नुसते तिरपे खिळे नकोत. लोखंडी हँगर, म्हणजे ठोकळ्याचं टोक कडीला धरणारी खोबण, किंवा कडीतून आरपार लांब स्क्रू, दोन्ही टोकांना. ठोकळे जरा ताठ कापा, हातोडीने ठोकून बसले पाहिजेत. त्यांच्या वरच्या अंगाला फळी टेकली पाहिजे, मध्ये पोकळी राहिली तर पातळ पट्टी घाला.

मग खांब उलटा करून बुडाच्या मधोमध पाच सुती, म्हणजे 16 मिमीच्या आटेदार सळईसाठी 18 मिमीचं भोक, निदान 200 मिमी खोल. भोक सरळ गेलं पाहिजे, इथे घाई नको. आतला भुसा फुंकून काढा, इपॉक्सी भरा, सळई फिरवत घाला म्हणजे हवा अडकत नाही. पूर्ण सुकेपर्यंत हात लावायचा नाही. सळई फळीतून आणि दोन ठोकळ्यांच्या सांध्यातून खाली उतरेल. खाली 75 मिमी चौरस, 6 मिमी जाडीची लोखंडी प्लेट आणि नट. साधा गोल वायसर लाकडात रुततो आणि ताण निघून जातो.

आता यातली गोम. खांबाचं बूड मध्ये किंचित पोकळ करा, पटाशीने मिमीभर, कडा तशाच ठेवून. नट आवळला की चारी कडा जमिनीवर दाबून बसतात आणि खांब मध्यावर झुलत नाही. बूड सपाट वाटलं तरी मध्ये फुगीर असू शकतं. सळई एकच, म्हणून खांब स्वतःभोवती फिरू शकतो. बुडाच्या दोन कोपऱ्यांत 10 मिमीच्या लाकडी खुंट्या घाला, म्हणजे तोही प्रश्न मिटतो.

खाली छत बंद आहे का? नट आवळायला गोटी पाना आणि हात जाईल तेवढी जागा लागेल.

अर्धा_जिना
छत बंद आहे. पण काढलेल्या फळ्यांतून वरूनच हात जातो. एकच शंका, खांब खाली बसताना जिन्याच्या बाजूच्या फळीचा सांधा उघडेल का?

पटाशी
उघडू शकतो, म्हणून खांब काढण्याआधी त्या सांध्यावर आडवी खूण करा आणि बसवताना खूण जुळवा. ती बाजूची फळीही खांबाला बोल्टने घ्या, गोंदावर सोडू नका. जिन्याच्या दिशेने खांबाला तोच मोठा आधार. आणि उघडलेल्या दोन फळ्यांपैकी एक स्क्रूवर बसवा, खिळ्यांवर नको. नवे ठोकळे वाळले की आक्रसतात. उन्हाळा गेला की ती फळी उघडून नट पुन्हा आवळा.