बाबांसाठी टीटीवाय घ्यावा का कॅप्शनवाला फोन? (फ्रीमॉन्ट, कॅलिफोर्निया)

तिन्हीसांज
मंडळी, जरा मदत हवीय. बाबा (वय ७६) गेल्या वर्षीपासून आमच्याकडे फ्रीमॉन्टला कायमचे राहायला आलेत. कान गेली पंधरा वर्षं हळूहळू जातायत, दोन्ही कानांत मशीन आहे, समोर बसून सावकाश बोललं तर ओठांकडे बघून निभतं, पण फोनवर काही म्हणजे काही कळत नाही. आधी चार वेळा 'हॅलो, कोण बोलतंय' आणि मग शेवटी 'हो हो, ठीक आहे' म्हणून ठेवून देतात. मागच्या महिन्यात औषधाच्या दुकानातून फोन आला, हे 'येस येस' म्हणाले, आणि संध्याकाळी मी बाटल्या आणायला गेले तेव्हा कळलं की त्यांनी 'जुनी गोळी बंद करायची का' असं विचारलं होतं. बीपीची गोळी! तेव्हापासून माझ्या पोटात गोळा आलाय.

तर शेजारच्या आजोबांनी गराजमधून एक डबा काढून दिलाय. टीटीवाय म्हणे, फोनवर टाइप करून बोलायचं मशीन. वर रिसीव्हर पालथा ठेवायला रबराच्या दोन वाट्या, खाली टाइपरायटरसारखी बटणं, एका ओळीचा हिरवा डिस्प्ले. बाबा इतके खूश झालेत की विचारू नका, कारण ते सांगलीच्या तारघरात होते, टेलिप्रिंटरवर आयुष्य गेलं, २०१३ च्या जुलैत तार बंद झाली त्या दिवशी दुपारी जेवले नव्हते. त्यांचं म्हणणं, हेच मला पाहिजे, बाकी काही नको, टाइपिंगचा स्पीड अजून आहे माझा.

मला तीन प्रकारच्या फोनची सोय बघायचीय. एक, डॉक्टर-फार्मसी (इंग्रजी). दोन, सांगलीची आत्या (मराठी, आणि आठवड्यातून तीनदा, तासभर). तीन, आम्ही ऑफिसात असताना काही झालंच तर ९११. घरचा फोन इंटरनेटच्या मोडेममधून येतो. हा डबा जोडू, का नवा टीटीवाय घेऊ, का कॅप्शनवाला फोन, का मोबाइलवरच काहीतरी? दुकानातल्या मुलाला टीटीवाय हा शब्दच माहीत नव्हता.

खडीसाखर
बाबांना माझा नमस्कार सांगा, कारण ते चुकीचं बोलत नाहीयेत, तो डबा खरंच त्यांच्या टेलिप्रिंटरचाच नातू आहे. १९६४ च्या सुमारास कॅलिफोर्नियातच रॉबर्ट वाइटब्रेख्त नावाच्या बहिऱ्या शास्त्रज्ञाने जेम्स मार्स्टर्स ह्या बहिऱ्या दंतवैद्याबरोबर हे जुळवलं, आणि सुरुवातीला वापरली ती तार कंपन्यांनी मोडीत काढलेली टेलिप्रिंटर मशीनंच. फोनची तार थेट जोडायला तेव्हा कंपनीची परवानगी नसायची म्हणून त्या रबराच्या वाट्या. अक्षराचे दोन सूर होतात, एक १४०० हर्ट्झचा आणि एक १८०० चा, ते रिसीव्हरमधून जातात आणि पलीकडचं मशीन त्यांची परत अक्षरं करतं.

माझा नवरा जन्मापासून ऐकत नाही, आमच्याकडे १९९८ पासून दहाएक वर्षं होता टीटीवाय. एका वेळी एकानेच टाइप करायचं, झालं की इंग्रजी 'जी' आणि 'ए' ही दोन अक्षरं टाइप करायची, म्हणजे गो अहेड, आता तुझी पाळी. बोलणं संपलं की 'एस के', आणि मग दोघंही एस के एस के करत बसतात, आपल्याकडे 'चल ठेवते' म्हणून अर्धा तास बोलतात तसं. सगळी अक्षरं कॅपिटल आणि देवनागरी नाहीच, तर हा त्याच्या पुण्याच्या मित्राशी रोमनमधून मराठी टाइप करायचा. सासूबाई आल्या होत्या, त्यांनी छापील रीळ वाचलं आणि मला बाजूला घेऊन विचारलं, 'हा कुठल्या बाईशी बोलतो गं, प्रत्येक वाक्याला जेवलास का ग, येतोस का ग?'

असो. तुमच्या मोडेमवाल्या लाइनवर तो डबा मला तरी भरवशाचा वाटत नाही. ते सूर जुन्या तांब्याच्या तारेसाठी आहेत, इंटरनेटवरचा फोन आवाज दाबून पाठवतो, त्यात सूर चिरडले जातात. आकड्यांवरून परत अक्षरांवर यायची खूण मधेच हरवली की अख्खी ओळ आकड्यांची येते. आणि मुख्य म्हणजे पलीकडे कोणाकडे टीटीवाय आहे आता? फार्मसीत नाही, आत्याकडे नाही.

पक्का_कोल्हापुरी
कशाला एवढे डबे, व्हॉट्सअॅप व्हिडिओ कॉल लावा की सरळ. आमचे आजोबा लावतात.

तिन्हीसांज
@पक्का_कोल्हापुरी फार्मसीवाला व्हॉट्सअॅपवर येत नाही हो 🙂 आणि आत्याकडचं नेट असं की ओठ हलतात दुपारी आणि आवाज येतो संध्याकाळी.

@खडीसाखर ग वाचून बाबा हसून हसून खोकायला लागले.

गुपचूप
मी सहाव्या वर्षापासून बहिरा (मला तो शब्द चालतो, 'दिव्य' वगैरे नको), सॅन होजेत २२ वर्षं. आधी एक गोष्ट स्पष्ट करून घ्या. जो जन्मापासून किंवा लहानपणापासून ऐकत नाही आणि जो म्हातारपणी ऐकेनासा झालाय, ह्या दोघांना लागणारी वस्तू एकच नसते. मी खुणांच्या भाषेत विचार करतो, त्यामुळे मला व्हिडिओ रिले बरा पडतो, दुभाषी स्क्रीनवर दिसतो. तुमचे बाबा स्पष्ट बोलतात. त्यांना टाइप करायची गरजच काय? त्यांना फक्त समोरच्याचं बोलणं वाचायचंय. टीटीवायच्या जमान्यातही त्यासाठी वेगळी सोय होती, ७११ फिरवायचा, मधला ऑपरेटर समोरच्याचं बोलणं टाइप करून पाठवतो आणि तुम्ही तोंडाने उत्तर देता. पण तो टाइप करतो आणि मशीन मिनिटाला साठेक शब्दच नेतं, माणूस बोलतो त्याच्या दुप्पट, तिप्पट. शिवाय रिलेवरून, म्हणजे अशा मधल्या ऑपरेटरमार्फत, फोन आला की लोक काहीतरी विकायला आलेत समजून आपटतात. मी एकदा एका दवाखान्यात सलग पाच वेळा लावला, सहाव्यांदा बायकोला गाडीने पाठवलं.

टाइप करायची हौसच असेल तर मोबाइलमध्ये आरटीटी (रिअल-टाइम टेक्स्ट) बघा. २०१६ च्या शेवटी इथल्या एफसीसीने (फोन कंपन्यांचे नियम ठरवणारी सरकारी संस्था) मोबाइल कंपन्यांना टीटीवायच्या जागी हे द्यायची मुभा दिली. आयफोनला सेटिंग्जमध्ये अॅक्सेसिबिलिटीत सापडेल, अँड्रॉइडला बहुतेक फोनच्या अॅपमध्येच असतं. अक्षर अक्षर टाइप होताना समोर दिसतं, पाळी लावावी लागत नाही, त्याच कॉलवर बोलताही येतं. ९११ ला चालतं. साधा मेसेज ९११ ला जातो की नाही ते मात्र तुमच्या काउंटीचं आधीच बघून ठेवा, सगळीकडे जात नाही.

मोगरा_बेएरिया
आमच्या सासूबाईंकडे चार वर्षं कॅप्शनवाला फोन आहे, म्हणून लिहितेय. दिसायला साधा मोठ्या बटणांचा फोन, वर टॅबलेटएवढा पडदा, समोरचा बोलतो ते ऐकूही येतं आणि खाली लिहूनही येतं. इंटरनेटला जोडायचा, महिन्याचे पैसे नाहीत, सरकारी फंडातून जातात. त्यामुळेच नोंदणी कडक आहे. नाव, पत्ता, जन्मतारीख, सोशल सिक्युरिटीचे शेवटचे ४ आकडे, आणि मला खरंच ऐकू येत नाही असं लिहून द्यायचं. कॅप्शन चालू ठेवून घरातल्या ऐकणाऱ्या माणसाने तो फोन वापरायचा नाही, कायद्यानेच नाही, हे आमच्या ह्यांना तीन वेळा सांगावं लागलं.

आधी पलीकडे माणूस बसायचा, तो ऐकलेलं स्वतःच्या आवाजात परत बोलायचा आणि मशीन त्याचं टाइप करायचं. आता बऱ्याचदा मशीनच थेट. थोडं मागे राहतं, म्हणजे समोरचा 'हॅलो, आर यू देअर' म्हणेपर्यंत तुम्ही मागचं वाक्य वाचत असता. पहिल्याच वाक्यात 'मी वाचून उत्तर देतो, थांबा' असं सांगायची सवय लावा. औषधांची नावं गंडतात, स्पेलिंग विचारायचं.

पण मराठी नाही! आमच्या फोनवर इंग्रजी आणि स्पॅनिश, बस. माझ्या नणंदेने नाशिकहून फोन केला तर पडद्यावर काय आलं असेल, 'का गं आई' चं 'कागल हाय'सारखं काहीतरी इंग्रजीत. सासूबाई म्हणाल्या, ही दारू प्यायली का?

आणि खरेदी करायच्या आधी कॅलिफोर्निया कनेक्ट बघा, राज्याची योजना आहे, डॉक्टर किंवा ऑडिओलॉजिस्टच्या सहीचा फॉर्म भरला की फोन फुकट वापरायला देतात, उत्पन्नाची अट नाही. ऑडिओलॉजिस्टला हेही विचारा की नुसता आवाज वाढवून शब्द कळतात का. काही लोकांना मोठ्या आवाजाचा फोन आणि कानातल्या मशीनची टी कॉइल (फोनचा आवाज थेट मशीनमध्ये घ्यायची सोय) चालू केली की भागतं. काहींना मोठं ऐकू येतं पण शब्द सुटे होत नाहीत, त्यांना आवाज वाढवून फक्त डोकं दुखतं.

खडीसाखर
मोगराला अनुमोदन. आत्यासाठी लाइव्ह ट्रान्सक्राइब वापरून बघा, गूगलचं, २०१९ साली आलं, वॉशिंग्टनच्या गॅलॉडेट ह्या कर्णबधिरांच्या विद्यापीठाबरोबर केलेलं, त्यात मराठी आहे. ज्या फोनवर कॉल चालू आहे त्याच फोनवर ते ऐकत नाही, म्हणून आत्याचा फोन स्पीकरवर टाकायचा आणि शेजारी दुसरा अँड्रॉइड फोन नाहीतर टॅबलेट ठेवायचा.

तिन्हीसांज
दोन आठवड्यांनी लिहितेय, सॉरी, मधे पाहुणे होते.

ऑडिओलॉजिस्टकडे जाऊन आलो. बाबांचं मोगरा म्हणाली तसंच दुसऱ्या प्रकारचं आहे, आवाज पोचतो, शब्द नाही. फॉर्मवर सही घेतली, कॅप्शनवाला फोन आलाय, स्वयंपाकघरात लावलाय. फार्मसीचा पहिला फोन मी मुद्दाम मागे उभी राहून बघितला. बाबांनी चष्मा लावला, 'प्लीज वेट, आय ॲम रीडिंग' म्हणाले, आणि गोळीचं नाव तीनदा स्पेल करायला लावलं. तिकडची मुलगी वैतागली असणार, पण चुकलं काही नाही.

डबाही जोडून बघितला, हट्ट होता. मोडेमवरून ७११ लावला, ऑपरेटरची पहिली ओळ नीट आली आणि मग मधेच ६९७४. मी म्हटलं बिघडला. बाबा म्हणाले, बिघडला कुठं, ते 'युअर' आहे, शिफ्ट सुटलीय, वरच्या ओळीची बटणं बघ. वाय म्हणजे ६, ओ म्हणजे ९. न बघता सांगितलं! पण पुढच्या तीन ओळी तशाच आल्या तेव्हा त्यांनीच रिसीव्हर उचलून खाली ठेवला, तारेत असं आलं असतं तर परत मागवली असती म्हणाले. डबा आता त्यांच्या खोलीत खिडकीत आहे, शेजारच्यांना परत नकोय.

आत्याचं टॅबलेटवर चाललंय. आत्याची बोली पक्की सांगलीची आणि बोलते झरझर, त्यामुळे परवा 'भाकरी केली' चं 'नोकरी केली' आलं आणि बाबा पाच मिनिटं विचारत होते की ह्या वयात कुठं लागलीस. मोठा घोळ वेगळाच होता, लिहून यायला वेळ लागतो तर दोघं एकदम बोलायचे आणि टॅबलेट दोघांचं मिळून तिसरंच लिहायचा. मग बाबांनीच नियम काढला. आत्याने बोलून झालं की शेवटी 'रे' म्हणायचं, रे दिसल्याशिवाय हे तोंड उघडणार नाहीत. आत्या म्हणाली मी आधीपासून म्हणतेच की रे.