रात्री उठावं लागणं म्हणजे फक्त वय नव्हे
वाशीच्या एका काकांबद्दलची पोस्ट वाचली. रात्री लघवीला चार-पाचदा उठावं लागतं, धार बारीक झालीय आणि घरचे म्हणतात, 'वय झालं, चालायचंच'. नाही हो, एवढ्यावर सोडू नका! पन्नाशीनंतर प्रोस्टेट (पुरुषांमधली मूत्राशयाखालची ग्रंथी) वाढणं नेहमीचं, पण त्यावर उपचार आहेत. युरोलॉजिस्ट, म्हणजे मूत्रविकारांचे डॉक्टर, धारेचा वेग यंत्रावर मोजतात, मग लघवी करून आल्यावर मूत्राशयात किती उरली ते सोनोग्राफीत बघतात. या तपासणीआधी मूत्राशय भरलेलं लागतं, तेव्हा घरून पाणी पिऊन ठाणे-बेलापूर रोडवर अडकण्यापेक्षा तिथे पोचून प्यायलेलं बरं. बऱ्याच जणांचं गोळ्यांवर भागतं. ऑपरेशन लागलंच तर बहुतेकदा दुर्बिणीतून, पोटावर टाका नाही. सर्दीची गोळी मात्र मेडिकलमधून परस्पर आणू नका, काही गोळ्यांनी लघवी पूर्ण अडू शकते.

लघवीतून रक्त एकदाच दिसलं, दुखलं नाही, तरी लगेच दाखवा. आणि मुतखड्याच्या कळांसोबत थंडी-ताप आला तर सकाळची वाट न बघता कॅज्युअल्टी गाठा.

त्या पोस्टखाली कुणी म्हटलंय, युरोलॉजिस्ट म्हणजे पुरुषांचे डॉक्टर. तसं नाही. वारंवार होणारं इन्फेक्शन, शिंकताना लघवी गळणं यासाठी बायकांनाही तेच तपासतात. काकूंनी संकोच न करता जावं.